उघडी वही

व्यापारी घरात वही ही खासगी वस्तू. कीर्द आणि खतावणी मालकाच्या नाहीतर मुनिमाच्या हाती. परक्याने तीत डोकावणे शिष्टसंमत नाही. अशा घरातला मुलगा आपले काम साऱ्या जगापुढे उघडे ठेवतो आणि त्याचे दामही मागत नाही, हे कळल्यावर वडीलधाऱ्यांच्या ओठी पहिला प्रश्न येतो तो व्यवहाराचा: ‘फुकट वाटले तर पेढी चालायची कशी?’

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे एक उत्तर मुंबईतल्या एका व्यावसायिक घरातूनच आले. ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. साठा, बिले, उधारी आणि वसुली एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली तेथे बसवण्याच्या अनुभवातून त्यांनी स्वतःच तशी प्रणाली लिहावयास घेतली. २००८ साली कंपनी उभी राहिली. ‘ईआरपीनेक्स्ट’ या नावाची ही प्रणाली मुक्त परवान्याखाली खुली आहे. कोणीही ती घ्यावी, वापरावी, बदलावी. बदललेली प्रत दुसऱ्याला देताना मात्र हेच स्वातंत्र्य त्यालाही द्यावे. कंपनीची मिळकत होते ती प्रणाली चालवून देण्याच्या सेवेतून.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तो काळ ठाणे-कल्याणच्या दुकानदारांना आठवत असेल. करनियम बदलले की हिशेबाची प्रणालीही बदलावी लागते. मुक्त प्रणालीत ती चूक दाखवण्याचा आणि दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. डोंबिवलीच्या दुकानात गल्ल्याशेजारी बसणाऱ्या मुलाला बिलातली विसंगती दिसली, तर तोही ती मांडू शकतो. जाणकार ती तपासतात. योग्य ठरली तर स्वीकारतात, आणि त्याच्या नावाची नोंद कायम राहते.

अशा नोंदींच्या बळावरच माणूस परिषदेच्या व्यासपीठावर पोहोचतो. २०२० साली स्थापन झालेल्या ‘फॉस युनायटेड’ या संस्थेच्या संस्थापकांत मेहताही आहेत. तिच्या ‘इंडियाफॉस’ परिषदेत बोलण्यासाठी कोणालाही प्रस्ताव पाठवता येतो. तेथे भांडवल किंवा घराणे विचारले जात नाही. काय केले, हे विचारले जाते. समोर बसलेल्यांनी वक्त्याचे काम वाचलेले असू शकते, म्हणून फुगवून सांगण्याची सोय नसते. काय चुकले आणि ते कोणी सुधारले, हेही सांगावे लागते.

या मार्गात तोटा नाही असे मात्र नाही. २०१४ साली ‘ओपनएसएसएल’मध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष सापडला. जगभरचे व्यवहार ज्या साधनाच्या भरवशावर सुरक्षित मानले जात होते, ते मोजकी माणसे तुटपुंज्या देणग्यांवर सांभाळत होती, हे तेव्हा अनेकांना प्रथमच कळले. ज्यांनी त्यावर नफा कमावला, त्यांच्या वहीत हे देणे कुठेच मांडलेले नव्हते.

म्हणून वडिलांचा प्रश्न थोडा बदलायला हवा. मुलगा फुकट काय देतो, याबरोबरच आपल्या दुकानातला संगणक, फोन आणि पैशांची देवघेव कोणाच्या विनामूल्य श्रमांवर चालते, तेही विचारावे. दुसऱ्याची बाकी ठेवू नये, ही व्यापाऱ्याची जुनी शिकवण. व्यासपीठावर उभा राहिलेला मुलगा त्या बाकीतला आपला वाटा फेडत असतो.