आत्याच्या कोंबड्या आणि हजार डोसांची बाटली

नायगावच्या आत्याच्या कोंबड्या गेल्याची बातमी घरच्या मंडळींपर्यंत पोचलीच आहे. डॉक्टरांनी एक कोंबडी उघडून आतल्या गाठी दाखवल्या, तेव्हापासून फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न, "अगं, यावर लस नाही का मिळत?" मिळते. पण ती आत्यापर्यंत का पोचत नाही, हे फोनवर सांगणं जरा लांबतं, म्हणून इथे लिहितेय.

रोगाचं नाव मॅरेक्स. योझेफ मारेक या हंगेरियन पशुवैद्याने १९०७ साली त्याचं वर्णन केलं होतं. कोंबडी लंगडायला लागते, मग एक पाय पुढे आणि एक मागे टाकून बसून राहते. पोटात गाठी होतात. हा चक्क कॅन्सर आहे, आणि तो एका हर्पीस विषाणूमुळे होतो हे १९६७ मध्ये कळलं. (माणसाला होत नाही, काळजी नसावी!) विषाणू पिसांच्या मुळाशी तयार होतो, अंगावरच्या कोंड्याबरोबर उडतो आणि खुराड्याच्या धुळीत महिनोन् महिने टिकतो.

लशीची गोष्ट ऐकून मला आपल्या देवीच्या लशीची आठवण झाली. जेन्नरने गायीचा सौम्य रोग माणसाला देऊन देवी थांबवली, तसाच टर्की पक्ष्यातला एक निरुपद्रवी हर्पीस विषाणू जिवंतच कोंबडीच्या पिल्लाला टोचायचा. १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. कुठल्याही प्राण्याच्या कॅन्सरवरची ही पहिली यशस्वी लस. माणसाची हिपॅटायटिस बी ची लस आली ती त्यानंतर दहा वर्षांनी. आपल्याकडेही काही परदेशातून मागवावी लागते असं नाही. डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजच्या समूहातली वेंट्री बायॉलॉजिकल्स ही पुण्याची कंपनी कोंबड्यांच्या लशी बनवते.

मग अडतं कुठे?

एक तर लस टोचायची ती पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की पहिल्याच दिवशी, धुळीतला विषाणू गाठायच्या आत. काही ठिकाणी तर अठराव्या दिवशी अंड्यातच टोचतात. दुसरं म्हणजे ही बहुतेक लस द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवावी लागते. बाटली साधारण हजार डोसांची, आणि एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवायची. हॅचरीत हे रोजचंच काम आहे. पण जिन्याखाली खुडूक कोंबडीने नऊ पिल्लं काढली, तर त्या नऊ पिल्लांसाठी ती बाटली कोण फोडणार?

आणि खरी मेख पुढे आहे. ही लस गाठी थांबवते, विषाणूची लागण थांबवत नाही. टोचलेली कोंबडी धडधाकट दिसते, पण लागण झाली तर तिच्या पिसांतूनही विषाणू बाहेर पडत राहतो. अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याचे प्रयोग प्रसिद्ध केले. अतिशय जहाल विषाणू दिला तेव्हा न टोचलेल्या कोंबड्या दहाएक दिवसांत मेल्या, फारसा विषाणू न पसरवताच. टोचलेल्या मात्र जगल्या आणि कितीतरी दिवस तो सोडत राहिल्या. एरवी कोंबडीबरोबरच संपला असता असा जहाल विषाणू लशीच्या आधाराने टिकू शकतो.

म्हणून लस वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. ती नसती तर लाखो कोंबड्या गेल्या असत्या आणि अंडं एवढं स्वस्त मिळालं नसतं. पण त्या स्वस्ताईतला थोडा भार न टोचलेल्या गावठी कोंबडीवर पडतो, एवढं आपल्याला ठाऊक असावं. आपल्या लशींबद्दल बोलताना आपण "मी टोचून घेतली, माझं काम झालं" म्हणतो ना, तेव्हाही मला हल्ली हे आठवतं. काही लशी शेजाऱ्यालाही वाचवतात, काही फक्त आपल्याला.

असो. ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पिल्लं विकत आणणार असाल तर पहिल्या दिवशी मॅरेक्सची लस टोचलीय का, ते विचारून घ्या. आणि घरचीच पिल्लं असतील तर खुराड्यातली जुनी धूळ, पिसं पूर्ण काढून टाका आणि पहिले काही आठवडे पिल्लांना मोठ्या कोंबड्यांपासून लांब ठेवा. विषाणू जितका उशिरा गाठेल, तितकं पिल्लू तगायची शक्यता जास्त.