बोट लागत नाही का?

क्रूझला जाऊन आले असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास दोनच प्रश्न विचारतो. एक, ‘बोट लागत नाही का?’ आणि दोन, ‘इतके दिवस नुसतं पाण्यावर बसून करता काय?’ ऑफिसच्या कँटीनपासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत ही उत्तरं मी इतक्यांदा दिली आहेत, की म्हटलं आता एकदाची छापूनच टाकू!

गेल्या दहा वर्षांत माझ्या नऊ क्रूझ झाल्या. त्यातल्या पाच आईबरोबर. आता लगेच भुवया उंचावू नका. मी काही कुणी शेठ नाही. माझाही फ्लॅटचा हप्ता जातो आणि एप्रिल आला की अप्रेझलचं टेन्शन मलाही येतं. पण आईचे गुडघे बोलायला लागल्यापासून आमच्या घरात एक गोष्ट पक्की झाली. सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, साडेसातला बस आणि दिवसभर गाइडच्या छत्रीमागे पळापळ, ही टूर आता तिच्याच्याने होणार नाही. क्रूझवर बॅग एकदाच उघडायची. तुम्ही झोपता आणि गावं बदलतात. आईला हा हिशोब पहिल्याच ट्रिपला कळला. तर मंडळी, कामाचं बोलू या.

खोली नेमकी कुठे?

बोट लागते ती पोटात नाही, कानात. डोळे सांगत असतात की खोली जागच्या जागी आहे, कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगत असते की सगळं हलतंय. या दोघांच्या भांडणात बिचाऱ्या पोटाची वाट लागते. मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंख्यासारखे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे आडवं डोलणं बरंच कमी होतं. राहिलेलं काम तुमच्या बुकिंगवर. बागेतला सी-सॉ आठवा. टोकाला बसलेलं पोर वर-खाली होतं, मध्ये उभं असलेलं जवळपास तिथेच राहतं. जहाजाचंही तसंच. खोली मधोमध आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्या. अगदी पुढची, वरच्या डेकवरची खोली फोटोत झकास दिसते, पण जास्तीत जास्त झुलते तीच.

त्रास होणार हे माहीत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आधी घ्या. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी कसली टिकतेय! डेकवर येऊन लांब क्षितिजाकडे बघत राहायचं, मोबाइल खिशात ठेवायचा आणि उपाशी राहायचं नाही. आमची आई खिशात आलेपाक ठेवते. तिचा तोच फंडा.

पैसे वाचवायला खिडकी नसलेली खोली घेतली तरी काही बिघडत नाही. फक्त आत इतका गुडुप्प अंधार असतो की सकाळ झालेली कळत नाही. बऱ्याच जहाजांवर टीव्हीच्या एका चॅनेलवर पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसतं. आवाज बंद करून तो लावून झोपा. रात्रीचा दिवाही झाला आणि उजाडल्याचंही कळलं.

पहिल्या दिवशीची सॅक

मोठ्या बॅगा धक्क्यावरच ताब्यात घेतात आणि त्या खोलीत येतात संध्याकाळी. मधल्या चार-पाच तासांसाठी हातात एक छोटी सॅक हवी. औषधं, पासपोर्ट, चार्जर, एक बदलायचा कपड्यांचा जोड आणि पोहायचे कपडे. पहिल्या दुपारी पूल रिकामा असतो, कारण बाकी सगळे बुफेच्या रांगेत!

खोलीच्या भिंती बहुतेक वेळा पत्र्याच्या असतात. लोहचुंबकाचे चार हुक नेले तर टोप्या, ओले टॉवेल, आईची जपमाळ, सगळ्याची सोय होते. इस्त्री आणि पाण्याची किटली मात्र घरीच ठेवा. आगीच्या भीतीने त्या जप्त होतात आणि उतरताना परत मिळतात. जैन किंवा शाकाहारी जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. वर गेल्यावर पहिल्याच रात्री हेड वेटरशीही बोला. तो उद्याचं मेन्यूकार्ड आज दाखवतो आणि त्यातून काय करता येईल ते ठरवतो.

आणि साबण! जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस जहाजावर झपाट्याने पसरतो. सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. बुफेच्या दारातली बाटली दाबून समाधान मानू नका, नळाखाली हात धुवा.

मोबाइलही विमानासारखा एअरप्लेन मोडवर टाका. भर समुद्रात तो जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल बघून खरोखरच बोट लागते. प्रवासाचा विमा काढताना त्यात क्रूझ आणि जहाजावरून हॉस्पिटलात हलवण्याचा खर्च आहे ना, ते वाचून घ्या. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो.

ब्रोशरमधलं शहर

सगळ्यात जास्त मंडळी फसतात ती इथे. ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं ‘रोम’. जहाज लागतं चिवितावेकियाला आणि तिथून रोम ट्रेनने साधारण तासाभर लांब. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, सुमारे दोनशे किलोमीटर. ‘बँकॉक’ म्हणजे बऱ्याचदा लेम चबांग, रस्त्याने दीड-दोन तास. व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून मोठी जहाजं न्यायला ऑगस्ट २०२१पासून बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेल्या क्रूझ मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहूनही सुटतात. बुकिंग करताना बंदराचं नाव विचारा, शहराचं नाही.

स्वतःचे स्वतः फिरणार असाल तर घड्याळ जहाजाचं पाळा, मोबाइलचं नाही. मोबाइल किनाऱ्याला लागला की गपचूप तिथली वेळ पकडतो आणि जहाजाची वेळ कधी कधी वेगळी असते. जहाजाच्या सहलीतून गेलात आणि बस अडकली तर तुमची जबाबदारी कंपनीची असते. स्वतः गेलात आणि उशीर झाला तर धक्क्यावर उभं राहून टाटा करायचा! युरोपच्या क्रूझला मधलं एखादं बंदर तुर्कस्तानातलं असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा लागतो, हेही आधीच बघा.

नवख्यांनी मुंबईपासूनच सुरुवात करावी. कॉर्डेलियाची क्रूझ सप्टेंबर २०२१मध्ये इथून सुरू झाली. दोन-तीन रात्रींत समजतं की पाणी तुम्हाला मानवतं की नाही.

सात छोटे, एक लांब

मस्टर ड्रिल म्हटलं की आपली मंडळी बाथरूममध्ये लपतात. लपू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकल्यावर कुठल्या डेकवर, कुठल्या जागी जमायचं ते याच ड्रिलमध्ये कळतं. १३ जानेवारी २०१२च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून कलंडली आणि ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिवितावेकियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल तोवर झालेलंच नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमात २४ तासांची मुभा होती. २०१५पासून नियम बदलला. आता ड्रिल जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी करावंच लागतं. बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ फोनवर बघायचा आणि आपली जागा तेवढी पाहून यायची. दहा मिनिटांचं काम. आईला मी लिफ्टने नाही, जिन्याने नेते. आणीबाणीत लिफ्ट धरायची नसते आणि तिला किती पायऱ्या झेपतात ते मला आधीच माहीत हवं.

बंदर हुकलं तर?

सप्टेंबर २०२४. ग्रीसची आठ दिवसांची क्रूझ. सकाळी सातला कॅप्टनचा आवाज आला की वारा फार आहे, मिकोनोसला थांबता येणार नाही. त्या बाजूला कोरडा, जोराचा वारा सुटतो. जहाज नांगरावर उभं करून छोट्या बोटींनी माणसं उतरवायची असतील तर तो धोक्याचाच. दहा मिनिटांत रिसेप्शनवर कल्ला! ‘आम्ही पैसे भरलेत’, ‘रिफंड द्या’, वगैरे. करारात बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की बंदर गाळायचा अधिकार कॅप्टनचा. परत मिळतं ते फार तर बंदराचं शुल्क.

आई शांतपणे चहा पीत होती. ती मालवणची. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जायची. बोट किनाऱ्याला लागायचीच नाही, भर पाण्यात पडावात उतरायचं. पावसाळ्यात तर वाहतूकच बंद. ती म्हणाली, ‘समुद्र खवळलेला असला की आम्हाला पुढच्या बंदरात नेऊन उतरवायचे. कुणी भांडायचं नाही. दर्याशी कसला करार?’

माझी टिप : जे ठिकाण तुमच्या अगदी मनात आहे ते एकट्या क्रूझच्या भरवशावर ठेवू नका. त्यासाठी जहाजाच्या आधी किंवा नंतर दोन दिवस जमिनीवरचे काढा.

वेंगुर्ल्याचा मुलगा

आता तो दुसरा प्रश्न. इतके दिवस करता काय? आमची आई माणसं जमवते.

त्याच क्रूझवर दुसऱ्या रात्री ती मला जेवणाच्या टेबलावर काहीतरी सांगत होती. पाण्याचा जग घेऊन आलेला वेटर थबकला. ‘मावशी, तुमी मालवणातली काय? मी वेंगुर्ल्याचो.’ झालं! त्या रात्रीपासून आमच्या टेबलावर सूप आधी की माशे, हे मेन्यूकार्ड ठरवत नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याने हळूच विचारलं, ‘यंदा गणपती किती दिवसांचो होतो तुमच्याकडे?’ गणपती होऊन दोन आठवडे झाले होते. आईने मोबाइल काढला. गावच्या घरची माटवी, तिच्या फळांसकट. मूर्ती. अंगणात बसलेली पोरं. तो फोटो सरकवत राहिला, उभ्याउभ्याच, एका हातात ट्रे. त्याचा हा बोटीवरचा तिसरा गणपती. एकदा घरून व्हिडिओ कॉल लावला होता, म्हणाला, पण आरतीच्या मध्येच रेंज गेली. मग शेजारच्या टेबलवरून कुणीतरी चुटकी वाजवली आणि तो गेला.

कोकण आणि गोव्यातली कितीतरी घरं या नोकरीवर उभी आहेत. जहाजावरच्या वेटरचं, खोली आवरणाऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं. त्यात साप्ताहिक सुट्टी नाही. २००६च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार विश्रांती किती, तर चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७. बाकीच्या वेळात काम काढून घेता येतं. आपण जिथे आराम विकत घेतो तिथे तो आराम पुरवणाऱ्याला काय मिळतं, ते या आकड्यात दिसतं.

शेवटच्या रात्री रिसेप्शनवर पुन्हा रांग. आईला वाटलं, काही फुकट वाटतायत. रांग होती टिप काढून घ्यायची. बऱ्याच परदेशी जहाजांवर माणशी दररोज साधारण पंधरा ते वीस डॉलर तुमच्या खात्यात आपोआप लागतात. काही कंपन्यांत काउंटरवर सांगून ते कमी करता येतात. रांगेतले एक काका मला म्हणाले, ‘अहो, पगार देणं कंपनीचं काम. आपण का द्यायचे?’

मुद्दा चूक नाही. पगार कंपनीनेच द्यायला हवा. पण ती लढाई वेटरच्या खिशातून लढायची नसते. बहुतेक ठिकाणी हे पैसे वेटर, खोलीवाले आणि आपल्याला कधीच न दिसणाऱ्या लाँड्री-किचनवाल्यांत वाटले जातात. तुम्ही काढलेत तर कंपनीचं फारसं काही जात नाही, त्यांचं जातं. चौघांचं कुटुंब, सात रात्री, म्हणजे चार-पाचशे डॉलर होतात, मान्य. म्हणून ते बजेटमध्ये पहिल्या दिवसापासून धरा. परवडत नसेल तर बाल्कनीची खोली सोडा, खिडकीची घ्या. मी तेच करते.

मी हे सगळं आईला समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पैसे तर दिले. आता त्याच्या साहेबाला कोण सांगणार, की पोरगा चांगला आहे?’

हा प्रश्न मात्र लाखाचा. खोलीत किंवा ईमेलवर अभिप्रायाचा फॉर्म येतो. त्यात नाव घालून केलेलं कौतुक वरपर्यंत जातं, बढतीला आणि पुढच्या कॉन्ट्रॅक्टला उपयोगी पडतं. नुसतं ‘सर्व्हिस गुड’ लिहिलंत तर कुणालाच काही मिळत नाही. छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव पहिल्याच दिवशी टिपून ठेवा.

आईने चष्मा लावला आणि कार्डावर मराठीतच लिहिलं, ‘हा मुलगा आमच्या गावाकडचा आहे. त्याने मला एक दिवसही परकं वाटू दिलं नाही. त्याला एका तरी गणपतीला घरी सोडावं.’ खाली इंग्रजी भाषांतर मी केलं. शेवटचं वाक्यसुद्धा, शब्दाला शब्द.

पुढची क्रूझ आम्ही गणपतीनंतरचीच घेणार आहोत. पण तो त्या जहाजावर भेटू नये, अशी आईची इच्छा आहे!