गाठ म्हटलं की घाबरायचंच का?

आपल्या भाषेत 'गाठ' हा शब्द फार काही पोटात घेतो. कॅन्सरचा गोळाही गाठ आणि नुसत्या पाण्याची पिशवीही गाठच. आमच्या घरात याला रसौली म्हणतात. हा शब्द निघाला की बायका 'तोबा' म्हणून कानाला हात लावतात आणि आवाज खाली येतो.

गेल्या वर्षी माझ्या भाचीची मूतखड्यासाठी सोनोग्राफी झाली. त्यात उजव्या गर्भनलिकेजवळ तीन सेंटिमीटरची सिस्ट दिसली. तिचं लग्न ठरलेलं होतं. आपा म्हणाली, "कुणाला कळू देऊ नका, रिश्ता तुटेल. आणि सासरी दुखलं तरी बोलू नकोस गं." मुलीचा प्रश्न वेगळाच होता, "खाला, मला मूल होईल ना?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. सिस्ट बीजकोषात नव्हती, बीजकोष आणि नळी यांच्यामधल्या पातळ पडद्यात होती. आईच्या पोटात असताना सुरुवातीला प्रत्येक बाळात स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही प्रकारच्या नलिका तयार होतात. मुलीच्या शरीरातल्या पुरुषी नलिका पुढे विरतात, पण त्यांचे बारीक अवशेष राहतात. अशा अवशेषांत पाणी साचलं की पिशवी बनते. कधी ती स्त्रीनलिकेच्या उरलेल्या भागातूनही होते. म्हणजे यात मुलीच्या खाण्यापिण्याचा, वागण्याचा काहीच दोष नाही.

ती पीसीओएसपेक्षा वेगळी आहे. पाळीबरोबर ती कमी-जास्त होत नाही, त्यामुळे पाळीच्या गोळ्यांनी विरघळतही नाही. लहान असेल, त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. मूल होण्यात सहसा अडचण येत नाही आणि कॅन्सर फार क्वचित निघतो. मोठी झाली, दुखू लागली किंवा आत घट्ट भाग दिसला तर दुर्बिणीतून काढतात. बीजकोष आणि नळी शक्यतो वाचवतात.

एक धोका मात्र लक्षात ठेवायचा. पिशवीला कधी कधी पीळ बसतो, तिच्याबरोबर नळी किंवा बीजकोषही पिळला जातो आणि रक्तपुरवठा अडतो. ओटीपोटात एका बाजूला अचानक असह्य कळ येते, उलट्या होतात. तेव्हा तासन्‌तास वाट बघत बसायचं नसतं, लगेच हॉस्पिटल गाठायचं. उशीर झाला तर बीजकोष गमवावा लागू शकतो. आपाच्या "बोलू नकोस"ची मला भीती वाटली ती यामुळे. जे लपवून तिला मुलीचा संसार वाचवायचा होता, ते लपवल्यानेच मुलीचं खरं नुकसान झालं असतं.

भाचीने स्वतःच होणाऱ्या नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. त्याने पहिलं विचारलं, "दुखतं का?" लग्न ठरल्या तारखेला झालं. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, सिस्ट तेवढीच आहे.

मुलीला सासरी पाठवताना तिचे रिपोर्ट कपाटात दडवू नका. तिच्या बॅगेत ठेवा, आणि दुखलं तर मोठ्याने सांग, हेही बजावून पाठवा.