कळसूची अट

बाईने डोंगर चढायचं म्हटलं की पहिला प्रश्न पायांचा येत नाही, स्वयंपाकघराचा येतो. "दिवसभर? मग घरचं कोण बघणार?" आमच्याकडेही हेच झालं. शाळेतल्या आम्ही पाचजणींनी कळसूबाईला जायचं ठरवलं आणि नेमका त्याच रविवारी वन्सं सहकुटुंब रात्री जेवायला येणार असा निरोप आला. सासूबाई माझ्या तोंडाकडे बघू लागल्या. मी म्हटलं, "जाणार तर मी आहेच, आणि त्या रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे नाही." लग्नाला बारा वर्षं झाली, पण अशी अट मी पहिल्यांदाच घालत होते.

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. मी आठवीला भूगोल शिकवते, तेव्हा हा आकडा फळ्यावर कितीदा लिहिला असेल! पायाखाली मात्र कधी घेतला नव्हता. पायथ्याचं गाव बारी, अकोले तालुक्यातलं. नाशिकहून घोटीमार्गे जीपने साडेसहाला पोचलो. सप्टेंबरअखेरचे दिवस. परतीच्या पावसाचा नेम नसतो; सकाळी लख्ख ऊन, आणि तापलेली दमट हवा वर चढली की दुपारी ढग नि विजा. म्हणून निघायचं ते पहाटेच.

भातखाचरं ओलांडली आणि चढ लागला. दोन्ही बाजूंना पिवळीधम्मक सोनकी फुललेली. धुकं इतकं की पुढचीची पाठ तेवढी दिसावी. वाटेत एका आजींच्या झोपडीत लिंबाचं सरबत घेतलं. त्यांनी कळसूची गोष्ट सांगितली. ही कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली ती अट घालूनच: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस पाहुणे आले आणि तिला भांड्यांना बसवलं. तिने ती घासली, केरही काढला, आणि सरळ डोंगरावर निघून गेली ती कायमचीच. जुन्या गॅझेटियरातही ही कथा नोंदलेली आहे. "पाहुणे आले" हे शब्द कानावर पडले आणि माझा घोट घशातच अडला.

वाटेत कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. शेवटच्या शिडीअलीकडे विहीर आहे, तिथे पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ काळंकुट्ट होऊन आलं. वीज चमकली की मी सेकंद मोजू लागले. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर येतो. बारा आले, म्हणजे चार किलोमीटर. पुढच्या वेळी नऊच! वर शिडी, खालीही शिड्या, आणि विजेत लोखंडाला हात लावणं नको. उघड्यावरून बाजूला होऊन एका खोलगट जागी आम्ही एकमेकींपासून अंतर राखून उकिडव्या बसलो. पाऊस असा कोसळला की दातावर दात वाजू लागले.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं, हा नियम. तो अर्धा तास सरता सरेना. घड्याळात दीड वाजला. आत्ता खाली वळलं तर सातपर्यंत घरी, वन्सं यायच्या आत पोळ्या लाटायला. वर गेलं तर नऊ वाजणार. सोबतच्या बाईंनी विचारलं, "काय गं, फिरायचं का परत?" आभाळ फाकलं होतं, गडगडाट थांबला होता, म्हणजे डोंगराची ना नव्हती. परतायचं कारण माझ्या घरच्या ओट्यावर होतं. मी म्हटलं, "वर जाऊ."

वर छोटंसं देऊळ. खाली भंडारदऱ्याचं पाणी, पलीकडे अलंग, मदन, कुलंग. जेमतेम पाच मिनिटं दिसलं आणि पुन्हा सगळं धुक्यात गेलं. देवीला हळदकुंकू वाहिलं, दशम्या न् शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि उतरणीला लागलो. उतरताना शिडीकडे तोंड करूनच उतरावं. ओली पायरी आधी पावलाने चाचपावी, मगच भार टाकावा. एक कोरडा पोशाख प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्यावा. ओल्या सुती कपड्यात फार गारठा भरतो.

घरी पोचायला साडेनऊ झाले. ह्यांनी पिठलंभात केला होता, पापड भाजले होते. वन्सं हसून म्हणाल्या, "दादाच्या हातचं पहिल्यांदाच खाल्लं हो!" मोरीत भांड्यांचा ढीग होता. सवयीने मी पदर खोचला, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. सकाळी बघू. तू आधी जेव." माझं ताट त्यांनी झाकून ठेवलं होतं.

मैत्रिणींनो, कळसूला अट मोडल्यावर घरच सोडावं लागलं. आपल्याला घर सोडायचं नसतं, माणसंही हवीच असतात. पण एखादी अट आधीच, न भांडता, स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावी, आणि पाहुण्यांचा निरोप आला तरी आपणच ती पहिल्यांदा मोडू नये. घरचे जेवल्यावाचून राहत नाहीत.