उलटी बाजू

पिपरी मेघेत आमच्या समोरच्या घराचा वरचा मजला मेडिकलच्या मुलामुलींना भाड्यानं दिलेला आहे. परवा त्यांच्या गच्चीवरच्या दोरीला एक पांढरा ॲप्रन आतली बाजू बाहेर काढून वाळत घातला होता. छातीवर नाव भरलेलं असणार, पण मला दिसत होती ती त्या नावाची पाठ. गडद निळ्या धाग्यांमधून बॉबिनचा पांढरा दोरा डोकावत होता. एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षराकडे मशीननं घेतलेली उडी कुणी कापलीच नव्हती. आणि सगळ्याच्या मागे कात्रीनं वेडावाकडा कापलेला बॅकिंगचा कागद. चहा निवेपर्यंत मी ते नाव वाचत बसले. 'डॉ.' सगळ्यात शेवटी आलं. आडनाव काही केल्या लागलं नाही.

ज्यानं तो तसा वाळत घातला त्याला कपड्यातलं कळतं, एवढं मात्र लागलं. नाव भरलेला कपडा धुवायचाही उलटा, वाळवायचाही उलटा आणि इस्त्रीही उलट्या बाजूनंच करायची. खाली जाड टॉवेल घ्यायचा, म्हणजे टाके त्यात रुततात, दबून चपटे होत नाहीत. वर्ध्याच्या बाजारात एका एम्ब्रॉयडरीवाल्यानं मला बजावलं होतं, "काकू, मागचा कागद ओढू नका बरं, टाके ढिले पडते." त्याच्या मशीनची सुई बोलता बोलता शाळेचं बोधचिन्ह भरत होती, एकामागून एक, एकसारखी. मला त्यात फारसं मन रमवता आलं नाही, पण तो माणूस आवडला. त्याला धाग्याची जात कळत होती. रेयॉनचा धागा दिसायला देखणा, रेशमासारखा चमकतो, पण ओला झाला की कमजोर होतो आणि ब्लीच त्याला सोसत नाही. पॉलिएस्टरचा जरा अरसिक, पण ब्लीचला दाद देत नाही. दवाखान्याचा कपडा म्हटला की ब्लीच आलंच, म्हणून ॲप्रनवर पॉलिएस्टर. आता यातला घोळ असा की कापड सुती आणि धागा पॉलिएस्टरचा. पहिल्याच धुण्यात गरम पाणी घातलं की कापड आटतं, धागा आटत नाही, आणि डॉक्टरांच्या नावाभोवती चुण्या पडतात. कापड आधी पाण्यातून काढून घ्यावं, हे जुन्या शिंप्यांना सांगावं लागत नसे. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तर १९६९ पासून मुलं खादी घालतात, आणि हातसुताचं कापड मिलच्या कापडाहून जास्त आटतं. तिथल्या मुलांनी नाव भरून घेताना हे आधी विचारात घ्यावं.

आमच्या शाळेत शिवणाच्या बाई मॅटी क्लॉथचा रुमाल हातात घेतला की आधी पालथा करायच्या. पुढची फुलं बघायच्याच नाहीत. मागे गाठी दिसल्या, धागा लांबवर ओढलेला दिसला की गुण गेले. तेव्हा हा छळ वाटायचा. पुढे कधीतरी धारवाडकडचा कशिदा असलेली इरकल हातात आली. त्यात गाठ मारतच नाहीत, कापडाचे धागे मोजत भरतात, आणि त्यातला गवंती टाका दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो. मग बाईंवरचा राग थोडा कमी झाला. पूर्ण गेला नाही.

इस्त्रीचा विषय निघाला की मला गोखल्यांचं उपरणं आठवतं. वर्ध्यात राहून गांधीजींची आठवण काढायला निमित्त लागत नाही, पण लोकांना जे गांधी आठवतात ते चरख्याचे, प्रार्थनेचे. मला आठवतात ते धुणं धुणारे. डर्बनमध्ये वकिली करत होते तेव्हा धोब्याचं बिल फार येई आणि धोबी वेळेवर येत नसे. कॉलर रोज बदलायची, शर्ट दिवसाआड, म्हणजे डझनांनी कपडे हवेत. मग त्यांनी धुण्याचं सामान आणलं, धुलाईवरचं एक पुस्तक आणलं, वाचलं आणि बायकोलाही शिकवलं. (कस्तुरबांना हे शिकणं किती आवडलं, ते गांधींच्या आत्मकथेत नाही.) स्वतः धुतलेली पहिली कॉलर घालून ते कोर्टात गेले. खळ जास्त झाली होती आणि जळेल या भीतीनं इस्त्री नीट दाबलेली नव्हती. कॉलर कडक तर झाली, पण तिच्यातून खळ गळत राहिली. बाकीच्या बॅरिस्टरांची करमणूक झाली. वर्ध्यात येईपर्यंत त्यांच्या अंगावर कॉलरच काय, सदराही उरला नव्हता, तो प्रश्न त्यांनी मुळातूनच मिटवला होता. पण मधल्या काळात त्यांचा हात बसला असावा, कारण १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत आले तेव्हाची गोष्ट वेगळी आहे.

गोखल्यांकडे एक उपरणं होतं, महादेव गोविंद रानड्यांनी दिलेलं. रानडे १९०१ मध्ये गेले, म्हणजे देणाऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. गोखले ते जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच अंगावर घेत. जोहान्सबर्गच्या हिंदी लोकांनी त्यांना मेजवानी दिली, तिथे भाषण करायचं होतं, तो प्रसंग त्यांना तेवढा मोठा वाटला. पण एवढ्या प्रवासात घडीत राहून उपरणं चुरगळलेलं. धोब्याकडे देऊन परत आणायला वेळ नव्हता. गांधी म्हणाले, मी करतो इस्त्री. त्यावर गोखल्यांनी सांगितलं, तुमच्या वकिलीवर माझा भरवसा आहे, धोबीकामावर नाही. डाग पडला तर? आणि हे उपरणं माझ्यासाठी काय आहे ते ठाऊक आहे का? मग ते कसं मिळालं ती हकीकत त्यांनी सांगितली.

आत्मकथेतलं हे पान मला फार आवडतं. सत्याचे मोठमोठे प्रयोग सोडून मी इथेच रेंगाळते. चरित्रांतून भेटणारे गोखले मोजून बोलणारे, आकड्यांचे, अंदाजपत्रकांचे, आणि इथे एका कापडासाठी त्यांचा जीव खालीवर होतोय. समोरच्या माणसाच्या पदरी पुढे सगळा देश पडणार आहे, पण त्या संध्याकाळी त्याच्या हाती उपरणं द्यावं की नाही हा खरा प्रश्न आहे. आम्ही वरठ्याकडे पैठणी देताना असंच करतो. तोंडानं "जरा सांभाळून" म्हणतो, आणि मनात त्याला पूर्वजन्मीची पापं विचारत असतो. मला नेहमी वाटतं, तापमानाचं बटण नसलेली ती इस्त्री गांधींनी आधी दुसऱ्या कशावर फिरवून बघितली असेल का? एखाद्या रुमालावर? ओलं बोट लावून तिचा चर्र आवाज ऐकला असेल का? आणि गोखले त्या वेळी खोलीत होते की बाहेर येरझाऱ्या घालत होते? मी असते तर खोलीतच थांबले असते. गांधींनी हट्ट सोडला नाही, इस्त्री झाली, गोखल्यांनी शाबासकी दिली. त्यानंतर जगातल्या इतर कुणाच्या प्रशस्तिपत्राची आपल्याला गरज उरली नाही, असं गांधींनी लिहून ठेवलंय. स्वातंत्र्याबद्दल नाही, इस्त्रीबद्दल.

ही माया छापील टी-शर्टच्या वाट्याला येत नाही. आमच्याकडे गणपती, दुर्गा, शिवजयंती, चौदा एप्रिल आणि अधूनमधून निवडणूक, सगळ्यांचे टी-शर्ट निघतात. त्यांच्यावरची प्लॅस्टिसॉलची शाई उन्हानं वाळत नसते. तिला साधारण १६० अंशांची उष्णता आतपर्यंत पोचावी लागते, आणि मे महिन्यातलं वर्ध्याचं ऊनसुद्धा पंचेचाळीसच्या आसपासच थांबतं. स्थापनेच्या आदल्या रात्री घाईत छापलेले शर्ट अर्धेकच्चे राहतात. चार धुण्यांत तडे जातात. पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं वर्गणीदाराचं नाव आधी जातं, छातीवरचे बाप्पा टिकतात. यात मला तरी न्याय दिसतो. दुकानदार पोरांना सांगतो, "चोवीस घंटे पाण्यात घालू नका, उलटा करून थंड पाण्यात धुवा, पिळू नका, प्रिंटवर इस्त्री तर मुळीच नाई." पोरं तोच शर्ट घालून मिरवणुकीत भिजतात.

रंग जाऊ नये म्हणून घरोघरी मिठाचं पाणी करतात, तेही एकदा बोलायला हवं. रंगाऱ्याच्या टाकीत मिठाचा उपयोग होतो, पाण्यातला रंग ते सुताकडे ढकलतं. एकदा कपडा रंगून बाहेर आला की बादलीत मूठभर मीठ टाकून काही पक्कं होत नाही. लाल धाग्यानं पांढऱ्यावर रंग सोडलाच तर एकच उपाय, वाळू द्यायचं नाही, थंड पाण्यात पुन्हा पुन्हा खळबळायचं. सासूबाईंना हे पटलं नाही. त्यांच्या साड्यांचे रंग टिकले होते, आणि त्या मीठ घालत होत्या. यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

जुने टी-शर्ट पुढे शेतात जातात. कापूस वेचायला आलेल्या बाया साडीवर पुरुषाचा शर्ट चढवतात, त्यात हल्ली एखादीच्या पाठीवर मागच्या निवडणुकीतला उमेदवार हात जोडून उभा असतो. ते ठीक आहे. अडचण होते ती देवांची आणि महाराजांची. त्यांचं पायपुसणं करता येत नाही, फरशी पुसता येत नाही (छापील भाग तसाही पाणी शोषत नाही), टाकवतही नाही. आमच्या कपाटात तसे बरेच साठलेत. वाकळ शिवणाऱ्या आजींना विचारलं तर त्यांनी एकेक उलगडून, उताणा-पालथा करून बघितला. म्हणाल्या, "पायाकडे नाई लावत मी ह्ये. डोक्याकडच्या अंगाले घेतो." आणि छपाईत सुई अडते, जाड सुई लागते, म्हणून मजुरी पन्नास रुपये जास्त.