अंगणातील हिरवळ

हिरवळ वारावर मोजून विकत मिळते, असे कोणी आमच्या वडिलांस सांगितले असते तर त्यांनी सांगणाऱ्याची नाडी पाहिली असती. आम्ही मात्र ती एकदा नव्हे, दोनदा विकत घेतली आहे.

अकोल्यास आमचे घर आहे आणि घरापुढे पंचवीस फूट लांब व पंधरा फूट रुंद असे अंगण आहे. अंगण म्हणावयाचे ते लौकिकार्थाने. वास्तविक तो पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचा एक तुकडा होय. वैशाखात तिला अशा भेगा पडत की एकदा आमचा किल्ल्यांचा जुडगा त्यांत गेला तो पुन्हा दिसला नाही. मृगाचा पाऊस झाला म्हणजे तीच माती फुगे, भेगा मिटवी, आणि पाय ठेवणाराची चप्पल ठेवून घेई. कपाशीला ही माती आईसारखी. घराच्या पायाला मात्र सावत्र आईसारखी!

तीन वर्षांपूर्वी आषाढात तुळशीपुढे दिवा लावावयास गेलेली आमची आई या चिखलात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, एक्क्याऐंशीव्या वर्षी ती वॉकर धरून चालू लागली. परंतु अंगणात पाऊल टाकावयाचे नाही, असा निर्बंध आम्ही तिच्यावर घातला. ती ओसरीवरूनच तुळशीला हात जोडी आणि आमच्याकडे पाहत नसे. तेव्हा आमच्या चिरंजिवांनी कृत्रिम हिरवळीचा तोडगा सुचविला.

ही हिरवळ मूळची अमेरिकेची. ह्यूस्टन येथील आच्छादित क्रीडागृहात खरे गवत जगेना, म्हणून 1966 साली तेथे नायलॉनचे गवत अंथरण्यात आले. आपल्याकडील लोकांस तिचा पहिला परिचय झाला तो कडूच. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच अशा मैदानावर खेळली गेली आणि आपला संघ सातवा आला. हे आम्ही चिरंजिवांस ऐकविले. परंतु तुळशीपुढे हॉकी खेळावयाची नव्हती.

फाल्गुनात एका कंत्राटदाराने भेगाळलेल्या जमिनीवरच रोलर फिरवून, खिळे ठोकून दोन दिवसांत काम उरकले. अंगण असे हिरवे झाले की येणारे-जाणारे फाटकाशी थांबत. आषाढात जमीन फुगली. मध्यभागी टेंगूळ आले, कडेला खळगा पडला, खिळे उपटले, सांधा उसवला आणि साचलेल्या पाण्यास दुर्गंधी सुटली. आई ओसरीवरच राहिली.

आमचे शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. त्यांनी आमचे अज्ञान फार सौम्यपणे दूर केले. बेसाल्ट खडकापासून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते, वाळले की आक्रसते. मुंबईच्या आय. आय. टी. तील प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर न फुगणाऱ्या मुरमासारख्या मातीचा थर दाबून तिला आवरण्याची रीत अभ्यासिली. कालव्यांसाठी तो थर मीटरभर लागतो. "तुम्हांला कालवा काढायचा नाही," शेजारी म्हणाले, "नऊ इंच पुरे. माती फुगायची थांबणार नाही, पण सारखी फुगेल."

म्हणून दिवाळीनंतर तेराएक इंच खोदून चार ब्रास माती काढावयाची ठरली. तळाशी जाड कापड, जेणेकरून मुरूम चिखलात रुतू नये. त्यावर मुरूम, थराथराने पाणी मारून दाबलेला. मग चार इंच खडी, तिच्यावर कच. पंधरा फुटांत अडीच इंच उतार, आणि उताराच्या पायथ्याशी भोके पाडलेला नळ गटारापर्यंत. हिरवळ सर्वांत शेवटी, आणि तिच्या पात्यांत वाळू.

खोदाईच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरची ट्रॉली भरत असता आईने आम्हांस हाक मारली.

"ही माती कुठे चालली?"

वीटभट्टीवाल्याने मागितली आहे, असे आम्ही सांगितले.

"शेत विकलं त्या दिवशी तुझ्या वडिलांनी गाडीभर माती आणून इथे टाकली होती. तुझ्या कॉलेजच्या फीसाठी विकलं होतं ते."

शेत विकल्याचे आम्हांस ठाऊक होते, गाडीचे नव्हते. दोन फेऱ्या तोपर्यंत गेल्या होत्या. आम्ही खड्ड्यात उतरून पाहिले. परंतु शेताची माती कोणती व अंगणाची कोणती, हे कोणास सांगता यावे? दोन्ही सारखीच काळी. उरलेल्या ढिगातून दहा पोती भरून घेतली आणि वृंदावनाभोवती फूटभर रुंदीचा पट्टा हिरवळीविना मोकळा सोडून तो त्या मातीने भरावयास गवंड्यास सांगितले. शेजाऱ्यांनी मान हलविली. तो पट्टा चिखल करणार, हे त्यांना दिसत होते. तथापि ते काही बोलले नाहीत.

उन्हाळ्यात ही हिरवळ दुपारी अशी तापते की अनवाणी पाय ठेववत नाही. पाणी शिंपडले तर घटकाभर निवते. खऱ्या गवतास हा दोष नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु यंदाच्या आषाढात पाणी साचले नाही आणि टेंगूळही आले नाही.

आई आता सायंकाळी वॉकर धरून स्वतः जाते. वृंदावनापाशी पोहोचली की चपला काढते, एक पाऊल त्या काळ्या पट्ट्यात ठेवून दिवा लावते, आणि तशीच परत फिरते. हिरवळीवर तिच्या पावलांचे काळे ठसे ओसरीपर्यंत उमटतात. पहिले काही दिवस आमच्या घरातून ते रोज धुऊन निघत. हल्ली धुतले जात नाहीत.