‘अि’ची गोष्ट

वाङ्मयाचा इतिहास आपल्याकडे शिकवला जातो तो प्रामुख्याने लेखकांचा आणि प्रवाहांचा. छपाई त्यात येते ती आरंभीच्या एका प्रकरणापुरती. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये छापलेले पंचांग, जावजी दादाजींचा १८६९ चा निर्णयसागर छापखाना, एवढे सांगून झाले की यंत्र पडद्याआड जाते. अलीकडचे इतिहाससंशोधन मात्र यंत्र, कागद, तारायंत्र, रेल्वे यांना संस्कृतीच्या घडणीतच जागा देते. ही दृष्टी आम्हांला मोलाची वाटते ती एका अक्षरामुळे.

‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, तेव्हा ‘अितिहास’, ‘अुद्योग’ असे शब्द पाहून त्यांना मुद्रणदोषाची शंका येते. वस्तुतः तो दोष नव्हे, तो निर्णय होता. स्वर, काना-मात्रा, जोडाक्षरे असे शेकडो खिळे हाताशी ठेवून जुळाऱ्याला देवनागरी मजकूर जुळवावा लागे. रोमन लिपीला त्याहून कितीतरी थोडे पुरत. वि. दा. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. ‘अ’लाच वेलांटी, उकार, मात्रा लावल्या की इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही सहा स्वतंत्र चिन्हे वाचतात. म्हणजे त्या पानावरच्या ‘अि’मध्ये भाषाविचार आहे, राष्ट्रविचार आहे आणि खिळ्यांचा हिशेबही आहे. यांतले एक वगळून दुसरे नीट कळत नाही.

प्रश्न आजचा आहे. असा मजकूर पुनर्मुद्रित होताना रूढ लेखनात आणला, तर वाचन सुकर होते, पण हा सारा वाद निःशब्दपणे पुसला जातो. उलट, मूळ लेखन जसेच्या तसे संगणकावर उतरवले, तर ‘इतिहास’ हा शब्द टंकून साधा शोध घेणाऱ्याला ‘अितिहास’ सापडतच नाही. शोधाच्या खिडकीतून जे दिसत नाही ते लिहिलेच गेले नाही, असे मानणारी संशोधकांची पिढी घडण्याचे भय आम्हांला वाटते.

यावर उपाय अवघड नाही. मूळ रूप जपावे, रूढ रूप त्याला जोडून द्यावे आणि संपादकाने आपण काय बदलले ते नोंदवावे. पाठचिकित्सेचा हा जुनाच धडा. पोथ्यांच्या बाबतीत आपण तो कसोशीने पाळतो. छापील पानालाही तेवढाच मान मिळायला हवा.